कोरडं फडकं



नेहमी इथं मी लोणची-पापड, माळ्यावरची आवराआवर, नाहीतर स्वाध्यायात ऐकलेलं काही मनात राहिलं तर ते लिहिते. आज गाडीवर लिहिणार आहे. गाडी मला चालवता येते, पण बॉनेटच्या आत काय असतं ते विचारू नका. मी लिहिणार आहे ते गाडीच्या अंगावरच्या रंगाबद्दल, त्यावर पडलेल्या ओरखड्यांबद्दल, आणि ते ओरखडे मी कुणाच्या माथी मारले त्याबद्दल. हा शेवटचा भाग लिहावा की नाही, यात माझे दोन आठवडे गेले.

आमची गाडी गडद निळी. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 2014 साली निवृत्त झाल्यावर घेतलेली. जन्मभर सायकल आणि स्कूटर चालवलेल्या माणसाची ही पहिली आणि शेवटची गाडी. रंग ठरवायला ते तीनदा जाऊन आले होते. दर महिन्याला सासूबाईंना शेजारी बसवून कुंभोज बाहुबलीला जायचे आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी परत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा त्यांनी आधी गाडी विश्रामबागेत भाचीच्या दारात नेऊन लावली आणि मग घरातले गहू-तांदूळ माळ्यावर चढवायला आले. सासूबाई त्यावरून त्यांना अजून बोलतात, ते नसले तरी.

अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. गाडी धुणं हे त्यांचं काम होतं, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. ते गेल्यावर गाडी पोर्चमध्ये नुसती उभी राहायला लागली आणि तिच्यावर धूळ बसलेली मला बघवेना. त्यांचं एक जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. त्याचे मी चार तुकडे केले. रोज सकाळी देवळातून आले की एक तुकडा घेऊन गाडीवरची धूळ पुसायची. पाणी नाही, काही नाही, नुसता कोरडा हात फिरवायचा. ती पाच मिनिटं अण्णांचीच असायची.

आठवड्यातून दोनदा गाडी पाण्यानं धुवायला एक मुलगा यायचा. विशीतला असेल. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरच्या गाड्या सकाळी धुवून तो कॉलेजला जायचा. बोलायला कमी, कामाला चोख. छत धुवायला आमचं लाकडी स्टूल मागून घ्यायचा आणि काम झालं की स्टूलही धुऊन जागच्या जागी ठेवायचा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारच्या उन्हात गाडी रस्त्यावर उभी होती आणि बॉनेटवर मला कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसले. सगळ्या बॉनेटवर, मग दारांवर, मग डिकीवर. डाव्या दारावर हँडलच्या खाली एक लांब रेघ वेगळीच. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तो आल्याबरोबर मी विचारलं, "कशानं घासलीस रे गाडी?"

तो म्हणाला, "काकू, मी आधी पाणी मारतोय, मगच हात लावतोय. असलं काय मी केलं न्हाई."

"मग काय आपोआप पडले का?"

त्यानं पुढं काही उत्तर दिलं नाही. त्या महिन्याचे पैसे मी त्याला पूर्ण दिले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. महिना अर्धाच झाला होता, तरी पैसे पूर्ण दिले, याचं मला तेव्हा समाधानसुद्धा वाटलं होतं. नंतर फाटकाशी उभ्या उभ्या शेजारणींनाही सांगितलं, जरा लक्ष ठेवा म्हणून.

मे महिन्यात लेक पुण्याहून सुट्टीला आला. इंजिनिअरिंगला आहे, आणि गाड्यांचं वेड आजोबांकडून आलेलं. एका रात्री लाईट गेली म्हणून आम्ही पोर्चमध्ये बसलो होतो. त्यानं मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धरला आणि ओरडलाच, "आई, हे काय करून ठेवलंय!" मी लगेच त्या मुलाची कहाणी सांगितली. लेक ऐकत होता आणि टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरत होता. मग त्यानं स्टूल आणलं, वर चढला, छतावर उजेड टाकला आणि मला म्हणाला, "तू चढ आणि बघ."

छताच्या कडेकडेनं तेच जाळं होतं. मधला भाग मात्र आरशासारखा. एक ओरखडा नाही.

"तो मुलगा छत धुवायचा?"

"हो. स्टुलावर चढून, सगळं."

"आणि तू रोज कशानं पुसतेस?"

मी धोतराचा तुकडा दाखवला. माझी उंची चार फूट अकरा इंच. जिथवर माझा हात पोचत होता, तिथवर ओरखडे होते. जिथं फक्त त्याचा हात पोचत होता, तिथं रंग नव्यासारखा होता. लेक पुढं काही बोलला नाही. बोलायला काही उरलंही नव्हतं.

मला पहिल्यांदा पटेना. इतकं मऊ कापड, त्यानं पत्रा कसा ओरबाडेल? पण ओरबाडतं ते कापड नाही, त्याच्याखाली सापडलेली धूळ. आपल्याकडच्या धुळीत माती असते, बारीक वाळू असते, आणि वाळूचा कण गाडीच्या रंगापेक्षा पुष्कळ कठीण असतो. कोरड्या फडक्याखाली तो कण सापडला की हात जाईल तिकडं रेघ ओढत जातो. आधी पाण्यानं भिजवून वाहू दिला तर निघून जातो. तो मुलगा "आधी पाणी मारतोय" म्हणाला होता ते हेच. त्यानं मला उत्तर दिलं होतं, मला ते ऐकायचं नव्हतं.

हे ओरखडे गोल का दिसतात तेही लेकानं सांगितलं. खरं म्हणजे ते गोल नसतातच. सगळीकडं, सगळ्या दिशांना गेलेल्या बारीक सरळ-वाकड्या रेघा असतात. दिव्याचा उजेड पडला की त्यातल्या ज्या उजेडाला आडव्या, तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकतात. खोटं वाटत असेल तर तारेच्या चोथ्यानं घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून बघा. ढगाळ दिवशी यातलं काही दिसत नाही. म्हणून बरेच दिवस मला कळलं नाही.

आता रंगाबद्दल. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर गंज न धरण्याचा थर, त्यावर प्रायमर, त्यावर निळा-लाल जो असेल तो रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्या वरच्या थराची असते आणि उन्हापासून खालचा रंग तोच राखतो. बहुतेक गाड्यांवर तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन. म्हणजे केसाहून पातळ पापुद्र्यावर सगळा डौल. माझे ओरखडे या पापुद्र्यात होते. पॉलिश करून ओरखडा "काढतात" म्हणजे तो भरत नाहीत. त्याच्या आजूबाजूचा थर अगदी किंचित घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. म्हणून पॉलिश हवं तितक्या वेळा करता येत नाही. थर एकदाच मिळालेला आहे, प्रत्येक वेळी त्यातलाच थोडा खर्च होतो, आणि फार पातळ झाला तर उन्हानं पोपडे सुटतात.

हे सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, आपण दोघं करू. बाहेर विचारलं होतं, बारा हजार सांगितले. लेकाच्या मित्राकडं पॉलिशचं मशीन होतं, ते उसनं मिळालं, बाकीचं सामान चार हजारांच्या आत बसलं. चार दिवस लागले. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी क्रमानं सांगते.

पहिला दिवस धुण्याचा. उन्हात धुवायचं नाही, पत्रा गार हवा, म्हणून आम्ही सकाळी सहाला पोर्चमध्येच सुरुवात केली. आधी नुसतं पाणी वरून सोडून सैल धूळ वाहू द्यायची. मग दोन बादल्या घ्यायच्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. भांड्याचा साबण नको, त्यानं आधीचं मेण निघून जातं. हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात पिळून काढायचा, मगच परत शाम्पूत. त्या साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी आम्ही भाजी धुवायची जुनी प्लॅस्टिकची चाळणी पालथी घातली, म्हणजे गाळ खाली बसतो आणि मोजा त्याला लागत नाही. सुरुवात छतापासून, शेवट चाकांजवळ, कारण सगळ्यात जास्त वाळू खाली असते. दोन बादल्यांत गाडी धुवून होते. पाईप लावून सोडलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी पाणी लागतं, हे मला फार आवडलं. गाळून वापरायचं म्हटलं तर बादलीचं पाणी गाळता येतं, पाईपचं कसं गाळणार?

सामान घेताना एक लक्षात ठेवा. दुकानात मेंढीच्या लोकरीचे हातमोजे असतात, आणि गाडी पुसायला शॅमॉय म्हणून मिळतं ते अस्सल असेल तर कातडं असतं. आम्ही दोन्ही नको म्हटलं. मायक्रोफायबरचा मोजा आणि जाड टॉवेल घेतले, आणि काम उत्तम होतं. टॉवेलचं शिवलेलं लेबल मात्र आधी कापून टाका, तेही ओरखडतं. धुतल्यावर गाडी तशीच वाळू द्यायची नाही. आमचं बोअरचं पाणी जड, थेंब वाळले की पांढरे डाग राहतात. टॉवेल पसरून हलकेच टिपून घ्यायचं.

धुतलेल्या गाडीवरून हात फिरवला तर मला गुळगुळीत वाटली. लेकानं माझ्या हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि म्हणाला, आता फिरव. रव्यावरून हात फिरवल्यासारखं लागलं. धुऊन न जाणारे बारीक कण रंगात रुतून बसलेले असतात. ते काढायला क्ले नावाचा मातीसारखा गोळा मिळतो. तो कणकेसारखा मळून चपटा करायचा आणि शाम्पूच्या पाण्यानं पत्रा ओला ठेवून अलगद सरकवायचा, जोर लावायचा नाही. गोळा काळा झाला की परत मळून स्वच्छ बाजू वर घ्यायची. हे काम मला चटकन जमलं, पोळ्यांचा हात उपयोगी पडला. पण गोळा एकदा जमिनीवर पडला की टाकून द्यायचा, मोह करायचा नाही. माझा एकदा पडला. पुसून वापरू म्हणत होते, मग धोतराचा तुकडा आठवला आणि कचऱ्यात टाकला.

दुसरा आणि तिसरा दिवस पॉलिशचा. आधी काळ्या प्लॅस्टिकला, रबराच्या पट्ट्यांना, नावाच्या अक्षरांना आणि पत्र्याच्या धारदार कडांना कागदी चिकटपट्टी लावली. कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथं मशीन टेकलं तर आतला थर दिसायला वेळ लागत नाही. मशीन घेताना ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात ते घ्यावं. त्याचा फोम गोल फिरतो आणि त्याच वेळी डगमगतोही, म्हणून एका जागी उष्णता साठत नाही. नुसतं गरगर फिरणारं मशीन सरावलेल्या हाताचं काम, नवशिक्यानं लावलं तर रंग जळतो, नाहीतर उन्हात दिसणारे नवेच फराटे पडतात.

सगळ्या गाडीवर एकदम सुरू करायचं नाही. बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन आखून घ्यायचा आणि आधी सगळ्यात सौम्य उपाय करून बघायचा, मऊ फोम आणि बारीक पॉलिश. तेवढ्यानं भागलं तर पुढं जायचंच नाही. आमचं बॉनेटवर भागलं नाही, तिथं जरा खरखरीत कंपाऊंड लागलं आणि मग त्यावर बारीक पॉलिश. दारांवर मात्र सौम्य उपायानंच काम झालं. फोमवर चार-पाच थेंब, मशीन सुरू करायच्या आधी ते पत्र्यावर पसरून घ्यायचे, मग आधी आडवं, मग उभं, अगदी सावकाश. मी घाई केली की लेक म्हणायचा, "आई, मुंगीच्या चालीनं." दर चौकोनानंतर पत्र्याला हात लावून बघायचा, कोमट चालेल, गरम नको. दर चौकोनानंतर फोम ब्रशनं साफ करायचा.

इथं मला सगळ्यात शिकवून गेलेली गोष्ट सांगते. पहिला चौकोन झाल्यावर मी आनंदानं टाळी वाजवली, एक ओरखडा दिसत नव्हता. लेक म्हणाला, थांब. पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल त्यानं फडक्यावर घेऊन तो चौकोन पुसला, आणि त्यातले निम्मे ओरखडे परत हजर. पॉलिशमध्ये तेल असतं, ते रेघांत जाऊन बसतं आणि त्या बुजल्यासारख्या वाटतात. चार पावसांत तेल उतरलं की रेघा परत दिसतात. बाजारात नुसतं असं झाकून देणारं पॉलिशही मिळतं, आणि बाहेर झटपट, स्वस्तात करून देतात त्यांच्याकडं बऱ्याचदा तेच वापरतात. म्हणून दर वेळी आधी तेल पुसायचं, टॉर्च धरायचा आणि खरं काय उरलंय ते बघायचं. आम्ही तो चौकोन परत केला.

अर्धी गाडी झाली होती. पोर्चमध्ये उकडत होतं, मी टॉर्च धरून उभी होते, आणि मला सारखा तो मुलगाच आठवत होता. महिन्याचे पैसे पूर्ण दिले, ते माझं तेलच होतं की. वरून गुळगुळीत दिसावं म्हणून.

चौथ्या दिवशी वरचा संरक्षक थर. इथंही बाटलीवरचं वाचून घ्या. गाडीच्या मेणात बरेचदा मधमाश्यांचं मेण मिसळलेलं असतं. आपण मध वर्ज्य मानतो, तर तेही नको. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघतं, ते झाडाचं असतं, पण डबीत नुसतं कार्नोबाच आहे ना हे बघावं लागतं. आम्ही कृत्रिम सीलंट घेतलं, पातळ थर लावायचा, सांगितलं तितका वेळ थांबायचं आणि कोरड्या स्वच्छ टॉवेलनं उतरवायचं. स्वच्छ पत्र्यावर स्वच्छ टॉवेल कोरडा चालतो, भांडण धुळीशी आहे.

शेजारच्या काकांनी टूथपेस्ट सुचवली होती आणि आमचे हे रॉकेलचा बोळा म्हणत होते. टूथपेस्ट घासणारीच असते, पण तिचे कण या कामासाठी बेतलेले नसतात, त्या जागी रंग अंधुक होतो. रॉकेलनं दोन दिवस चकाकतं आणि त्या तेलकटपणावर आणखी धूळ चिकटते. दोन्ही टाळा.

डाव्या दारावरची ती लांब रेघ मात्र राहिली. रेघेवरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं तर ती पॉलिशनं जाण्यासारखी नाही, खोल गेलेली असते. आमचं अडकलं. तळापर्यंत घासत गेलो असतो तर रेघ गेली असती आणि वरचा थरही. लेकानं तिच्या कडा जरा नरम केल्या आणि मशीन बंद केलं. ती रेघ कुणाची ते मला माहीत नाही. फाटकाची कडी असेल, कुणाची सायकल असेल. निदान ती तरी त्याची असावी, असं एक क्षण माझ्या मनात आलं, हेही लिहून टाकते.

संध्याकाळी गाडी उन्हात काढली. उतरत्या उन्हात निळा रंग इतका खोल दिसत होता की सासूबाई दाराच्या पत्र्यात बघून पदर सारखा करायला लागल्या. "तुझ्या अण्णांनी आणली तशी दिसतेय," म्हणाल्या. मला मात्र आनंद पुरा होईना. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी मोबाईलवरून किती जणांना "उत्तम क्षमा" पाठवते, शंभर-सव्वाशे तरी असतील. त्यातल्या बहुतेकांचं मी काही बिघडवलेलं नसतं. ज्याचं बिघडवलं त्याचा नंबर मी काढून टाकला होता. क्षमावाणीला जाऊ, असंही मनात आलं. मग तारीख मोजली. चार महिने होते.

दुधवाल्याकडून कळलं की तो मिरज रस्त्याला एका टायरच्या दुकानात असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटीवरून गेले. तो ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर बघत होता. मला बघून उभा राहिला. घरून पाठ करून नेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "ओरखडे माझ्या फडक्याचे होते. तुझी काही चूक नव्हती. मी तुझी माफी मागायला आलेय."

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "तवाच सांगितलं हुतं की मी, काकू."

"हो. सांगितलं होतंस."

जरा वेळानं तो म्हणाला, "तुमच्या मागोमाग आणखी तीन घरं सुटली. फी त्यातनंच जायची. या वर्षाची भरली न्हाई."

मी फाटकाशी उभी राहून दोन वाक्यं बोलले होते, त्याची ही किंमत. यावर काय बोलणार? फी मी भरते म्हणाले, तो "बघू" म्हणाला, आणि त्याचा आवाज सांगत होता की ते नको आहे. घरी येऊन हिशेब केला. आमच्या घरचा त्याचा महिना, दिवाळीनंतरचे सहा महिने. तेवढे पैसे पाकिटात घालून परत गेले आणि सांगितलं, हे मदत म्हणून नाही, तुझं काम तुझ्याकडून विनाकारण काढलं त्याचे आहेत. त्यानं मोजून घेतले. मोजले याचं मला बरं वाटलं.

मग त्या तिन्ही घरी गेले. हे टायरच्या दुकानात जाण्यापेक्षा अवघड होतं. एकीनं "जाऊ दे हो, त्यात काय" म्हटलं. दुसरी म्हणाली, आम्ही दुसरा माणूस लावला. तिसरीनं माझ्यासमोर त्याला फोन केला. आता तो दर रविवारी तिच्या घरी येतो, जूनमध्ये कॉलेजचा फॉर्मही भरला म्हणे. आमच्याकडं येत नाही. मी बोलावलं होतं, तो "टाईम मिळत न्हाई" म्हणाला. गल्लीत समोर आला तर मान हलवतो. तेवढं आहे, आणि त्याहून जास्त मागायचा मला हक्क नाही.

गाडी आता मीच धुते, आठवड्यातून एकदा, दोन बादल्यांनी, स्टूल घेऊन. रोज सकाळी हात शिवशिवतो, पण धूळ बसलेली राहू देते. बसलेली धूळ काही करत नाही. पक्ष्याची विष्ठा मात्र ठेवायची नाही, ती रंग खाते, तिच्यावर ओला टॉवेल ठेवून, मऊ होऊ देऊन उचलायची. टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, कम्फर्ट घालायचं नाही, सावलीत वाळवायचे. एवढं पाळलं तर परत मशीन लावायची वेळ लवकर येत नाही, आणि लवकर लावूही नये.

अण्णांच्या धोतराचे तुकडे मी टाकले नाहीत. धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेत. पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन कुंभोजला जायचंय. त्या डाव्या बाजूला बसतात, म्हणजे दार उघडताना ती रेघ रोज हातालाच लागते.

तुमच्याकडं कुणी गाडी धुवायला येत असेल तर आज रात्री एकदा टॉर्च घेऊन छताचा मधला भाग बघा. आधी बघा, मग बोला.

जय जिनेंद्र.